रात्रीची गोळी आणि हलणारी दाढ

तुमच्या घरीही तो डबा असणारच. फ्रिजवर नाहीतर टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवलेला, कधीकाळी चिवड्याचा नाहीतर आइस्क्रीमचा असलेला, आणि आता आई-बाबांच्या गोळ्यांनी भरलेला. बीपीची सकाळी, शुगरची जेवणाआधी आणि ‘कोलेस्टेरॉलची रात्री’. आपण पुण्या-मुंबईत (किंवा ज्याची जशी ऑनसाइट तसं आणखी कुठेतरी) बसून फोनवर "गोळ्या वेळेवर घेताय ना?" एवढं विचारतो, पलीकडून "हो हो" येतं, आणि विषय क्रिकेटवर जातो.

गेल्या दिवाळीत नाशिकला गेलो तेव्हा कळलं, की माझ्या काकांनी ती रात्रीची गोळी चार महिन्यांपूर्वीच बंद केली आहे. काका चौसष्ट वर्षांचे. सातपूरच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं काढून रिटायर झालेले, रोज सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाणारे, आणि तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला. म्हणजे ज्या माणसाने ही गोळी अजिबात सोडू नये, नेमका तो माणूस.

का सोडली? तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला होता. हृदयरोगाचं खरं मूळ कोलेस्टेरॉल नसून हिरड्या आहेत, कोलेस्टेरॉलचा बागुलबुवा औषध कंपन्यांनी उभा केला, वगैरे. एरवी काका असल्या फॉरवर्डला भीक घालत नाहीत. पण त्याच महिन्यात खालची एक दाढ हलायला लागली म्हणून ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते, आणि डॉक्टरसुद्धा म्हणाले, "हिरड्यांचा आजार आणि हार्ट यांचा संबंध असतो बरं का." झालं! एका तज्ज्ञाने फॉरवर्डवर शिक्का मारला. काकांनी मीठ आणि मोहरीच्या तेलाने हिरड्या चोळायला सुरुवात केली आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिनला रजा दिली.

"अरे, मूळच नीट केलं तर फांद्या कशाला छाटायच्या?" काका म्हणाले.

वाक्य ऐकायला इतकं छान होतं की मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग पुढचे दोन वीकेंड मी यावर वाचत बसलो. मी डॉक्टर नाही, जावा लिहितो. पण दोन गोष्टी एकाच लॉगमध्ये शेजारी शेजारी दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकवतात. काकांचा प्रश्न मला थेट त्याच जातीचा वाटला.

आधी गोळीबद्दल. स्टॅटिन जातीच्या औषधांची सुरुवात जपानमध्ये झाली. सांक्यो कंपनीतले अकिरा एंडो हे शास्त्रज्ञ बुरशांच्या हजारो जाती तपासत होते. कोलेस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम आपल्या यकृतात असतं, त्याला अडवणारं काहीतरी त्यांना हवं होतं. १९७३ साली ते सापडलं, तेही तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. (आपल्याकडे पावसाळ्यात भाकरीवर आली की फेकून देतो, त्याच खानदानातली.) यकृताला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवता येईनासं झालं की ते रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठायला एलडीएल कमी उरतं. १९८७ मध्ये लोवास्टॅटिन हे या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. एंडो २०२४ साली गेले.

पण यंत्रणा समजली म्हणून औषध उपयोगी ठरत नाही. त्यासाठी माणसं मोजावी लागतात. ती मोजली गेली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. सुमारे साडेपाच वर्षांनी पोकळ गोळीवाल्यांपैकी २५६ जण गेले होते, खऱ्या गोळीवाल्यांपैकी १८२. हे आकडे मी काकांना कागदावर लिहून दाखवले. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक. इथे कोणाच्या रिपोर्टातला आकडा सुधारला एवढ्यावर भागलेलं नाही, माणसं जिवंत राहिली आहेत. त्यानंतर अशा २६ चाचण्यांमधल्या सुमारे १ लाख ७० हजार लोकांची माहिती २०१० मध्ये एकत्र करून पाहिली गेली. एलडीएल दर ३९ अंकांनी उतरवलं की हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग साधारण एक पंचमांशाने कमी होतात, असं त्यातून निघालं.

आणि औषध कंपन्यांचं कारस्थान म्हणाल, तर अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं अमेरिकेतलं पेटंट २०११ मध्येच संपलं. आपल्याकडे तर २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळतच नव्हतं, त्यामुळे देशी कंपन्या ही गोळी कधीपासून बनवतायत. कारस्थान करायचंच असेल तर गल्लीतले सगळे दुकानदार विकतात त्या मालावर कोण करेल?

आता हिरड्या.

आपल्याकडे या आजाराला ‘पायरिया’ म्हणतात. दातांवर जंतूंचा थर बसतो, तो साफ झाला नाही की त्याचं किटण होतं, हिरडी सुजते, ब्रश केला की रक्त येतं. मग हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसे तयार होतात, त्या खिशांत आणखी जंतू, आणि हळूहळू दाताखालचं हाड झिजतं. शेवटी दाढ हलते. हे सगळं फारसं न दुखता होतं, म्हणून दहा-पंधरा वर्षं आपण बेसिनमधल्या गुलाबी पाण्याकडे दुर्लक्ष करत राहतो.

हृदयाशी याचा संबंध असावा ही कुजबुज १९८९ मध्ये मोठी झाली. फिनलंडच्या डॉक्टरांनी हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या १०० जणांचे दात आणि न आलेल्या १०२ जणांचे दात तपासले. अ‍ॅटॅकवाल्यांचे दात स्पष्टपणे जास्त खराब निघाले. त्यानंतर अनेक देशांत, अनेक वेळा हेच दिसलं. पुढे रक्तवाहिन्या तुंबवणाऱ्या थरांतही तोंडातल्या जंतूंचे अंश सापडले. जंतू रक्तात जातात हेही खरं आहे. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात नुसता ब्रश केल्यावर २३ टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले, अँटिबायोटिक न देता दात काढल्यावर ६० टक्के लोकांच्या.

म्हणजे फॉरवर्डमधलं पहिलं अर्ध हवेतलं नाही. मला स्वतःला वाचायच्या आधी वाटलं होतं, की हे निव्वळ थोतांड निघेल. तसं नाही.

पण इथे थांबून माझ्या आजीची मशेरी आठवायला हवी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि सकाळी बोटाने दात-हिरड्यांना लावायची. आमच्या गावाकडे आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका हेच करायच्या, आणि ते दातांना चांगलं असतं अशी पक्की समजूत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत घरोघर फिरून १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली होती, तोंडाच्या कॅन्सरचा शोध घेण्यासाठी. १९७२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. (एक लाख लोकांना "आ करा" म्हणायचं, तेही त्या काळात, एसटीने फिरून. आपण स्प्रिंटमध्ये दहा टेस्ट केस लिहिताना कुरकुरतो.) म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच आपल्याकडे तंबाखू आणि तोंड यांचा हिशोब मांडणारे लोक होते. आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणातही महाराष्ट्रातली जवळपास चौथा हिस्सा प्रौढ माणसं बिनधुराची तंबाखू खाणारी-लावणारीच निघाली.

आता बघा. तंबाखूने हिरड्या खराब होतात आणि तंबाखूने हृदयही खराब होतं. डायबेटिसने दोन्ही. वय वाढलं की दोन्ही. पैसे नसले की दातांचा डॉक्टरही परवडत नाही आणि हृदयाचाही. मग खराब हिरड्यांच्या माणसांत हृदयरोग जास्त दिसला, तर दोष हिरडीचा की मशेरीच्या डबीचा? संशोधक गणिताने तंबाखू, वय, शुगर वगळून बघतात, आणि तरीही थोडा संबंध शिल्लक राहतो. पण ‘थोडा शिल्लक’ आणि ‘खरं मूळ’ यांत नाशिक ते त्र्यंबकेश्वर एवढं अंतर आहे. त्यात गंमत अशी, की सिगरेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असूनही वरून सगळं ठीक दिसतं.

मग सरळ चाचणी का नाही करत? हिरड्यांवर उपचार केले तर हार्ट अ‍ॅटॅक कमी येतात का, एवढंच बघायचं! छोट्या प्रमाणात पाहिलं गेलंय. २००७ मध्ये गंभीर पायरियाच्या १२० रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांच्या हिरड्यांची कसून सफाई, निम्म्यांची साधी. सहा महिन्यांनी कसून सफाई झालेल्यांच्या रक्तवाहिन्या जास्त लवचीक झाल्या होत्या. पण उपचारानंतरच्या चोवीस तासांत त्याच लोकांच्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा वाईट वागत होत्या, बहुधा ढवळाढवळीने सूज वाढल्यामुळे. मला हा तपशील फार आवडला.

मात्र लवचीक रक्तवाहिनी म्हणजे वाचलेला जीव नव्हे. त्यासाठी ४,४४४ माणसं आणि पाच वर्षं लागतात, आणि इथे अडचण अशी की निम्म्यांच्या सडलेल्या हिरड्या पाच वर्षं तशाच ठेवा असं कुठला डॉक्टर म्हणणार? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं, की संबंध आहे, तो इतर कारणं वगळूनही दिसतो, पण हिरड्यांच्या उपचाराने हृदयरोग टळतो असा पुरावा नाही. २०२२ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी पुन्हा चाळलं, तरी उत्तर देण्याइतका भरवशाचा पुरावा सापडला नाही.

काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे नाही असंही सिद्ध झालेलं नाही ना?"

बरोबर आहे. नाही झालेलं. पण एका पारड्यात मोजलेली माणसं आहेत आणि दुसऱ्यात ‘कदाचित’. दोन्ही घ्यायला कोणी नको म्हटलंय? एकाच्या बदल्यात दुसरं, हा सौदा कुठल्याच अभ्यासात नाही. तो फक्त त्या फॉरवर्डमध्ये आहे.

उलट दिशेचं तर आणखीच मजेशीर. बोस्टनमध्ये २०१३ च्या एका अभ्यासात रोज ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांच्या हिरड्यांतली सूज १० मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा कमी झाल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. आणि आपल्या बंगळूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात २०१० च्या सुमारास स्टॅटिनची जेल थेट हिरड्यांच्या खिशांत भरून बघितली गेली, नुसत्या सफाईपेक्षा निकाल बरे आले. हे अजून दवाखान्यातले रोजचे उपचार नाहीत, उगाच कोणी गोळी कुटून हिरडीला लावू नका. पण काका हिरड्यांसाठी ज्या गोळीवर रुसले, ती हिरड्यांच्या बाजूचीच असायची शक्यता आहे, हे ऐकून काकू मात्र खूप हसली.

हिरड्यांचा खरा भरवशाचा संबंध डायबेटिसशी आहे. ज्यांना डायबेटिस आणि पायरिया दोन्ही आहेत, त्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरतं, हा कॉक्रेनचा २०२२ चा निष्कर्ष आहे. काही गोळ्यांच्या जवळपास जाणारा हा आकडा. दहा कोटींच्या वर डायबेटिसवाले असलेल्या आपल्या देशात शुगरच्या डॉक्टरने "दात दाखवलेत का?" असं विचारायला हवं. माझ्या ओळखीत एकालाही कोणी विचारलेलं नाही.

काकांची आणखी एक तक्रार होती, गोळीने पाय दुखतात. ही तक्रार खोटी म्हणून उडवून लावू नये. काहींना खरोखर त्रास होतो, आणि ही गोळी डायबेटिसचा धोकाही थोडा वाढवते (२०१० च्या एका मोठ्या आढाव्यानुसार २५५ जणांनी चार वर्षं घेतली तर एक जास्तीचा डायबेटिस). पण पायदुखीवर लंडनला एक झकास प्रयोग झाला, २०२० मध्ये निकाल आला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ लोकांना बारा बाटल्या दिल्या. चार स्टॅटिनच्या, चार पोकळ गोळ्यांच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक, क्रम कोणालाच माहीत नाही, आणि त्रासाची नोंद रोज फोनवर. स्टॅटिनने जेवढा त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के त्रास पोकळ गोळीनेही झाला! दुखणं खरंच होतं, पण बरंचसं गोळी खातोय या जाणिवेचं. ए/बी टेस्टिंग करणाऱ्या मंडळींनी हा पेपर मुळातून वाचावा.

तर, काकांचं एलडीएल तपासलं. गोळी चालू असताना ६२ होतं, ते १३१ झालं होतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेंटवाल्यांचं ५५ च्या खाली हवं. माझ्या दोन वीकेंडच्या अभ्यासापेक्षा तो १३१ चा आकडाच काकांशी जास्त बोलला. गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी सोबत एझेटिमाइब जोडली.

पण खरा घोळ पुढेच झाला. ती दाढ शेवटी काढावी लागली. काकांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. म्हणून दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं. तिथे इतर गोळ्यांबद्दल कोणी विचारलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही, कारण "दातांच्या डॉक्टरला हार्टचं काय सांगायचं?" कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने मात्र चिठ्ठी बघून विचारलं, "काका, रात्रीची ती चाळीसची गोळी चालू आहे ना?" क्लॅरिथ्रोमायसिन शरीरातलं स्टॅटिन मोडणारं एन्झाइम अडवतं. मग स्टॅटिन रक्तात साठत जातं, स्नायू विरघळायला लागतात, आणि क्वचित किडन्या बंद पडेपर्यंत वेळ येते. मेडिकलवाल्याने दोन्ही दवाखान्यांत फोन लावून अँटिबायोटिक बदलून घेतलं. महिन्याला हजारो चिठ्ठ्या बघणारा माणूस. तोंड आणि हृदय यांच्यातला सगळ्यात पक्का संबंध त्या दिवशी त्याच्या काउंटरवरच होता, असं मला वाटतं.

असे आणखी दोन दुवे, तुमच्या घरच्यांसाठी. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन काही जणांच्या हिरड्या फुगवते, हिरडी दातांवर चढायला लागते. तसं दिसलं तर स्वतः गोळी बंद न करता डॉक्टरांना दाखवा, दुसरी मिळते. आणि स्केलिंग किंवा दात काढायचा म्हणून अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद करणं स्टेंटवाल्यांना फार महाग पडू शकतं. दातातून थोडं जास्त रक्त आलं तर कापसाचा बोळा दाबून थांबवता येतं.

आणि आपण? आपल्यालाही बेसिनमधलं गुलाबी पाणी दिसतंच, डेडलाइनच्या आठवड्यात तर रात्रीचा ब्रशही होत नाही. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अ‍ॅटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि बाकीच्या जगाला जवळपास ५९ व्या, असं २००७ चा एक मोठा अभ्यास सांगतो. पहिली कोलेस्टेरॉलची तपासणी अठराव्या वर्षीच करा, असं त्या २०२४ च्या सूचनांत आहे. मी सदतिसाव्या वर्षी केली. एलडीएल १४२. स्केलिंगही करून घेतलं. स्केलिंगने दात सैल होतात ही काकांची जुनी खात्री. खरं म्हणजे किटण निघाल्यावर आधीपासून पडलेल्या फटी जिभेला नव्याने लागतात, एवढंच.

एक राहिलंच. काकूने गेले दोन मोसम काकांना द्राक्षं खाऊ दिली नव्हती. पिंपळगावहून मेहुण्यांनी पाठवलेली पेटी शेजारी वाटली जायची. का, तर गोळीच्या माहितीपत्रकावर ‘ग्रेपफ्रूट’ टाळा असं लिहिलंय. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या कुळातलं आंबट फळ, त्याच्या रसाने काही स्टॅटिन शरीरात जास्त चढतात, म्हणून ती सूचना. द्राक्षाशी त्याचा नावापुरता संबंध. हे मी सांगितलं तेव्हा काका काकूकडे बराच वेळ बघत राहिले. :)

या फेब्रुवारीत पेटी आली. शुगर बॉर्डरवर असल्यामुळे काकूने मोजून बारा मणी दिले.